पन्नास माझे, पन्नास त्याचे

शकीला खालावर अन्याय झाला तो गेल्या हिवाळ्यात, दिवाळी होऊन महिना झाल्यावर एके दिवशी, दुपारच्या अजानला थोडा वेळ असताना. आर्णीत, तिच्याच घराच्या ओट्यावर, तिच्याच हातचा चहा पिता पिता. कुणी आवाज चढवला नाही, कुणी हात उगारला नाही. फक्त विचारलं, नियमित व्यायाम तुम्ही करू शकाल याचा तुम्हाला स्वतःबद्दल किती भरवसा वाटतो? शून्य ते शंभरात सांगा. तिनं सांगितलं. त्या आकड्यावर तिच्या आजारी काळजाला दारातूनच परत पाठवलं गेलं.

एवढं एखाद्या पत्रकात मावतं. बाकीचं मावत नाही, म्हणून इथं लिहितेय.

पुन्हा तोच हंगाम आलाय. सकाळी दार उघडलं की गल्लीत पांढरं काहीतरी तरंगत असतं. नवख्या माणसाला धुकं वाटेल, पण तो कापूस आहे. शेजारी खालाच्या घरापुढं पिंजायचं मशीन सुरू झालं की तो सगळीकडे बसतो. तुळशीवर, मोटरसायकलच्या सीटवर, उघड्या ताकावर, माणसांच्या भुवयांवर. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमची सगळी गल्ली म्हातारी दिसते, शाळेत जाणारी पोरंसुद्धा. लोक जुन्या रजया घेऊन येतात. खालाचे नवरे राशीद चाचा मशीनवर असतात. खाला रजईची शिवण उसवते, खांद्यापर्यंत हात आत घालते आणि वर्षभर माणसांच्या अंगाखाली दबून घट्ट झालेले गोळे ओढून काढते. त्या गोळ्यांना बामाचा वास येतो, बाळंतिणीच्या खोलीचा वास येतो, अंथरूण भिजवणाऱ्या पोरांचा तर येतोच. खाला तोंडावर ओढणी बांधून काम करते आणि तरी खोकते. "थंडी लोकाईची, खोकला माझा," हे तिचं दरवर्षीचं वाक्य. लहानपणी मला ते फार विनोदी वाटायचं.

मशीनचा आवाज दिवसभर इतका चालू असतो की तो आम्हाला ऐकूच येत नाही. थांबला की मात्र ऐकू येतं. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, कुठल्याशा वसतिगृहाच्या गाद्यांची मोठी ऑर्डर चालू असताना तो अचानक थांबला. लाईट गेली म्हणावं तर समोरचा पंखा फिरत होता. आम्ही सगळे बाहेर आलो. खाला नव्या कोऱ्या गादीवर आडवी पडली होती, घामानं चिंब, आणि चाचांना म्हणत होती, "अवो, उठवा मले. गादी खराब होऊन राह्यली."

तो हार्टअटॅक होता. यवतमाळला नेलं, वाचली. सुटी देताना डॉक्टरांनी सांगितलं ते मी स्वतः ऐकलंय. चालायला पाहिजे, रोज चालायला पाहिजे, नाहीतर हे काळीज परत दगा देईल. पण एकदम नाही आणि एकटीनं नाही. किती चालायचं, नाडी कशी बघायची, कुठं थांबायचं, हे कुणीतरी नजरेखाली ठेवून शिकवलं पाहिजे.

आणि तसा वर्ग होता, हेच तर दुखतं. हृदयाच्या पेशंटसाठी एका प्रकल्पानं यवतमाळला, लोहाऱ्याकडं जाताना, वर्ग सुरू केला होता. जायचं-यायचं भाडं मिळायचं, व्यायाम शिकवणारा फिजिओ होता, कुणी दुखतं म्हटलं तर तिथंच ईसीजी निघायचा. आर्णीतून नावं घ्यायला ते आले तेव्हा गल्लीला वाटलं, चला, खालाचं काम झालं.

सर्वे करायला आलेली पोरगी माझ्याच वयाची होती. बसनं आलेली, ओठ फुटलेले, खालानं तिला आधी उकडलेल्या ओल्या तुरीच्या शेंगा दिल्या, मग चहा. मी ओट्याच्या कडेला बसून शेंगाच खात होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"खाला, समजा तुम्ही खूप थकलेल्या आहात. तरी चालायला जाल, असा किती भरवसा?"

"मी बिनथकली कधी राह्यते वं पोट्टी?"

मशीनमागून चाचा हसले. पोरगीही हसली. "तरी पण आकडा सांगा ना."

"जाईन ना. थकली तरी जाईन. इन्शाअल्ला."

"मग शंभर लिहू?"

"नोको नोको! शंभर कायले?" खालानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "उद्या मी उठते का नाही उठते, मले का मालूम? पन्नास टाक. पन्नास माझे, पन्नास त्याचे." आणि बोट वर केलं.

"घरी पाहुणे आले तर?"

"पन्नास."

"फार थंडी असेल तर?"

"अवं, थंडी तं आमचा धंदा हाय! पन्नासच."

"सोबत कुणीच नसेल तर?"

खालानं माझ्याकडं हनुवटी केली. "हे निशी हाय ना."

"समजा ही पण नाही."

"मंग तो हाय." परत बोट वर. पोरगीनं परत पन्नास लिहिले.

त्या पोरगीला मी दोष देत नाही. तिला आकडा आणायला पाठवलं होतं, ती आकडा घेऊन गेली. जाताना खालानं तिच्या पिशवीत शेंगा घातल्या.

आता हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गल्लीत उद्याचं भरून कुणी बोलत नाही. आम्ही हिंदू, पण माझी आईही नाही बोलत. मी परीक्षेला निघाले की शेजारीण विचारायची, पोरगी पास होते ना? आई म्हणायची, पाहू आता. मी पहिली येणार हे तिला ठाऊक असायचं, तरी पाहू आता. बाळाचं वजन चांगलं भरलं तरी बाया म्हणतात, आहे बापा कसंतरी. भरल्या तोंडानं बोललं की दृष्ट लागते, असं आईचं म्हणणं. उद्या आपला नसतो, असं खालाचं. मुद्दा एकच. मालकी सांगायची नाही.

आणि म्हणून खालाच्या इन्शाअल्लाला कमी समजणाऱ्याची मला कीव येते. लग्नाच्या गाद्या टाकायला लोक येतात आणि विचारतात, कधी होतील? ती म्हणते, इन्शाअल्ला शुक्रवारी. शुक्रवारी गाद्या तयार असतात. खोकला असो, ताप असो, घरात मयत असो. तिच्या त्या एका शब्दावर लोक ट्रॅक्टर ठरवतात, हळदीचा मांडव घालतात. आर्णीत बसच्या वेळेवर कुणी विसंबत नाही, नळाच्या पाण्यावर नाही, पण खालाच्या शुक्रवारावर सगळं गाव विसंबतं. तिला कुणी येऊन विचारतं, तुझा तुझ्यावर किती भरवसा? भरवसा हा शब्द तिनं जन्मभर दुसऱ्यांसाठी वापरला. तुझ्यावर आहे, त्याच्यावर नाही. स्वतःवर किती, असा हिशोब कुणी तिच्यापुढं मांडलाच नव्हता. आरशात पाठ बघायला सांगावं तसं ते होतं.

निकाल आला तेव्हा यादीत गफूरभाईचं नाव होतं. गफूरभाई आमच्याच गल्लीतला स्कूटर मेकॅनिक. त्याच्या काळजात त्याच वर्षी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवलेली. हा माणूस समोरच्या टपरीवर पान आणायलासुद्धा गाडी काढतो. मी विचारलं, गफूरभाई, तुम्ही काय सांगितलं होतं?

"सौ में सौ! वो पोट्टी पूछून राह्यली, थके तो? सौ. थंडी? सौ. मेहमान? अरे मेहमान को भी साथ लेके दौडेंगे, लिख सौ. वो खुश, अपन खुश."

दोनदा गेला तो वर्गाला. तिसऱ्यांदा दुकानात गर्दी होती. नंतर त्याला लाज वाटली असावी, कारण स्वतः फोन करून म्हणाला, माझी जागा शकीला आपाला द्या. तिकडून उत्तर आलं, जागा बदलता येत नाही. एक खुर्ची वर्षभर रिकामी राहिली. तिच्यापुढं फिजिओ उभा राहत होता.

मी गेले प्रकल्पाच्या कार्यालयात. वरच्या मजल्यावर, काचेचं दार, आत गार. सर सभ्य होते, त्यांनीही चहा मागवला. या प्रकरणात सगळे फार सभ्य आहेत.

"मॅडम," सर म्हणाले, "ज्यांचा स्वतःवर विश्वास नाही ते मधेच सोडतात. सोडणारे वाढले की आमचा निकाल बिघडतो. निकाल बिघडला की पुढचा निधी नाही."

"सर, तिचा विश्वास आहे."

"पन्नास आहे."

"उरलेले पन्नास देवाच्या नावानं ठेवलेत तिनं."

सर हसले. "देवाचा कॉलम नाही हो आमच्याकडं."

"मग परत विचारा. नीट समजावून विचारा."

"दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर शुद्ध राहत नाही."

"बरं. समजा तिला खरंच भरवसा कमी आहे. मग कमीवाल्याचं काय करता तुम्ही?"

"त्यांचं समुपदेशन व्हायला पाहिजे. तशी तरतूद आहे."

"कोण करतं?"

"ते पद अजून भरलेलं नाही."

जिना उतरताना मी स्वतःशीच बोलत होते. माणसाला व्यायामाचा भरवसा किती, हे मोजणं वाईट नाही. मोजा ना. थकल्यावर ह्या बाईचा धीर सुटतो, हिला सोबत लागते, त्याला थंडीत जमत नाही, हे कळावं म्हणूनच तर विचारायचं. जिथं पाय अडखळतो तिथं हात द्यायचा. यांनी काय केलं? अडखळणाऱ्यालाच दाराबाहेर ठेवलं आणि आत आलेले कसे न अडखळता चालतात याचा अहवाल लिहिला. ताप मोजून तापलेल्यांना घरी पाठवायचं आणि दवाखान्यात एकालाही ताप नाही म्हणून फोटो काढायचा, त्यातला प्रकार.

घरी मात्र त्या आकड्याचं वेगळंच झालं. चाचांनी थट्टेत तिचं नाव पाडलं. "ए पन्नास, चाय ठेव." खाला हसायची. गिऱ्हाईक आलं की चाचा सांगायचे, आमची बेगम अर्धीच पास झाली बरं का. खाला त्यावरही हसायची. ती हसताना मी दोरा ओवत होते आणि तिचा सुईचा हात बघत होते. टाके लांब पडायला लागले होते. एवढ्या वर्षांत तिचा टाका मी कधी लांब पडलेला पाहिला नव्हता.

मग एका पहाटे ती एकटीच निघाली.

कुणाला न सांगता, बुरखा घालून, पुलाकडं. मला आईनं उठवलं, "तुही खाला कुठं जाऊन राह्यली पाह्य." मी धावत गेले. तेव्हापासून मी तिच्यासोबत जाते, गेल्या हिवाळ्यापासून या हिवाळ्यापर्यंत. माझ्या हातात काही नाही. मला नाडी कळत नाही, कुठं थांबवायचं ते कळत नाही. मी फक्त शेजारी चालते, सावलीसारखी आणि सावलीइतकीच कामाची.

त्या रस्त्यावर या दिवसांत काय असतं ते सांगते. उजाडायच्या आधी कापसानं फुगलेले ट्रक जातात, रस्त्यापेक्षा रुंद, मागचा दिवा कापसात बुडालेला. ते गेले की दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला दिसतो, पांढरा, चिंध्या चिंध्या, जणू कुणाला तरी त्या काट्यांतून ओढत नेलंय. अरुणावतीवर वाफ असते. कुत्री आवाज न करता मागं येतात. टपरीवरची पोरं आवाज करून मागं येतात. बुरख्यातली बाई झपझप चालतेय, त्यांना गंमत वाटते. एकदा एक जण ओरडला, "खाला, रेस है क्या?" खाला न थांबता म्हणाली, "तुझ्या मय्यतीले चालली, ये जल्दी." मी हसले. ती हसली नाही, कारण हसायला तिच्याजवळ दम नव्हता.

खूप जोरात चालते ती. पुलाच्या अलीकडं थांबते, वाकते आणि चप्पल नीट करते. पहिल्यांदा मला वाटलं अंगठा तुटला. दुसऱ्यांदा वाटलं खडा गेला. मग मी चप्पल बघितली. धडधाकट, नवी चप्पल. तिचा एक हात चपलेवर असतो आणि दुसरा बुरख्याच्या आत, छातीवर. ती तशीच वाकलेली राहते. मी नदीकडं बघत उभी राहते, कारण बघितलेलं तिला चालत नाही. नंतर ती उठते, आणि आदल्या दिवशीपेक्षा पुढच्या झाडापर्यंत जाते.

"खाला, दुखते का?"

"चप्पल काटून राह्यली."

मी तिला ओढून इथल्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं जिभेखाली ठेवायची गोळी दिली आणि सांगितलं, यवतमाळला जाऊन परत सगळं तपासा, उशीर करू नका. गोळी ओढणीच्या टोकाला बांधून ती फिरते. यवतमाळचं नाव काढलं की म्हणते सीझन आहे, संक्रांतीनंतर पाहू. मी भांडले. शेवटी बोललीच.

"तिथं जाऊन दुखते म्हटलं का ते कागदावर लिहिते. कागदावर आलं का मंग मले त्या वर्गात कोण घेते? आधीच पन्नास हाय माझे."

म्हणजे अजूनही तिला तो वर्गच पाहिजे. वर्षभर ती त्याच परीक्षेची तयारी करतेय, एकटी, जोरात, छाती दाबून.

आणि आता ते प्रकल्पवाले परत येताहेत. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली आहे. आर्णी होईल, मग मारेगावकडं जातील, असं ऐकते. वर्ग तोच, प्रश्न तेच. ज्या दिवशी पाटी लागली त्या दिवशी संध्याकाळी मी खालाकडं गेले. मशीन बंद केलेलं होतं, चाचा नमाजला गेलेले. अर्धी भरलेली रजई तिच्या मांडीवर होती. मी म्हटलं, खाला, या वेळी त्यांना नीट समजावून सांगू, मी बसते बाजूला.

"काही समजवू नोको," ती म्हणाली. "मले आता समजलं कसं बोलाचं ते. थके तो? सौ. थंडी? सौ. अकेली? सौ." गफूरभाईची नक्कल अगदी हुबेहूब केली तिनं. बोट वर गेलं नाही. कानाच्या पाळ्या धरल्या नाहीत. "छातीत दुखते का पूछा तो? बिलकुल नही."

गेल्या वर्षीच्या पन्नासाचा मला राग आला होता. या वर्षीच्या शंभराची मला भीती वाटते. या बाईनं उद्यावर कधी मालकी सांगितली नव्हती. तिला आपण वर्षभरात खोटं बोलायला शिकवलं, तेही स्वतःच्या काळजाबद्दल. शंभर म्हटलं की तिला घेतील. घेतलं की तगड्या पेशंटच्या रांगेत उभी करतील. दम लागला तरी ती बोलणार नाही. तिथं वाकून चप्पल नीट करायला लागली तर कुणाला काय कळणार आहे?

हे सगळं मी तिला न विचारता लिहितेय. छापून आलं की तिची तयारी फुकट जाईल. ती चिडेल, माझ्याशी बोलायची नाही, तुरीच्या शेंगा द्यायची नाही. चिडू दे. जिवंत राहून चिडू दे.

आता तुम्ही. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी फिजिओ शिकतंय, नर्सिंग करतंय, प्रबंधासाठी असाच शून्य ते शंभरचा कागद घेऊन दारोदार फिरतंय, किंवा वरच्या मजल्यावर बसून त्या आकड्यांवर रेषा मारतंय. त्या माणसाला आज जेवायला वाढण्याआधी विचारा: कमी आकडा सांगणाऱ्यांचं तुम्ही पुढं काय केलंत? उत्तर मिळेपर्यंत ताट वाढू नका. आणि ते स्वतः तुम्हीच असाल, तर आर्णीला या. खालाच्या ओट्यावर बसा. ती शंभर म्हणेल. पेन बंद ठेवा, आधी ईसीजी काढा, आणि तो कसाही निघाला तरी तिचं नाव वर्गात घाला.